मतदाराला निवृत्ती हवी का?

७ मे २०२५ रोजी रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये १३३ कार्डिनल नवा पोप निवडायला बसले, तेव्हा त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव होते, पण मुंबईचे ऑस्वाल्ड ग्रेशियस नव्हते. ग्रेशियस यांनी २०१३ च्या निवडणुकीत मत दिले होते. पोप फ्रान्सिस यांनी सल्ल्यासाठी जे निवडक कार्डिनलांचे मंडळ नेमले त्यातही ते होते. म्हणजे अनुभव वाढलाच होता. आडवी आली ती जन्मतारीख. २४ डिसेंबर १९४४ चा जन्म. २१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस वारले तेव्हा ग्रेशियस यांना ऐंशी पूर्ण होऊन चार महिने होत आले होते. पोपपद रिकामे होण्याच्या दिवसाआधी ज्याने ऐंशी गाठली त्याला मत नाही, असा चर्चचा नियम आहे. निवडणुकीपूर्वीच्या बैठकांना अशा ज्येष्ठांनी बसावे, बोलावे. चॅपेलचे दार लागण्याच्या वेळी मात्र बाहेर राहावे. गंमत अशी की उमेदवाराला ही अट नाही. ऐंशीच्या पुढचा माणूस पोप होऊ शकतो, पोप निवडू शकत नाही.

हा नियम सहाव्या पॉलने १९७० साली केला. तेव्हा तो स्वतः त्र्याहत्तर वर्षांचा होता. नुकतीच ऐंशी ओलांडलेले ओत्ताव्यानी आणि शहाऐंशी वर्षांचे तिसेराँ हे दोघे मातब्बर कार्डिनल त्यावर उघडपणे चिडले, पण नियम टिकला आणि १९७८ पासूनची प्रत्येक पोपनिवड त्याच्याखालीच झाली. मतदाराच्या वयाला वरची रेघ ओढलेली ही जगातली सर्वांत ठळक निवडणूक. सार्वत्रिक मताधिकार मानणाऱ्या कोणत्याही देशाने अशी रेघ ओढलेली नाही. तरीही दर काही वर्षांनी, एखादा निकाल तरुणांच्या मनाविरुद्ध लागला की प्रश्न वर येतोच: अठराच्या आधी मत नाही, तर मग ऐंशीच्या नंतर तरी का असावे?

प्रश्न जुना आहे. रोमन गणराज्यात मत द्यायला एका अरुंद लाकडी पुलावरून जावे लागे. साठीच्या माणसांना पुलावरून ढकला, अशी एक म्हण लॅटिनमध्ये होती. म्हाताऱ्यांनी मतदानात लुडबूड करू नये म्हणून तरुणांनी दिलेली ती आरोळी, असा अर्थ जुन्या ग्रंथकारांनीच लावून ठेवला आहे. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात, पण त्या नाठ्या बुद्धीचे मत काढून घ्या असे जाहीरपणे कुणी म्हटल्याचे सहसा आठवत नाही.

एका माणसाने म्हटले होते, आणि तो माणूस साधासुधा नव्हता. १९४७ च्या सुरुवातीला गांधीजी नोआखालीत गावोगाव पायी फिरत होते. त्या काळात मताधिकाराबद्दल ते जे बोलले ते २ मार्च १९४७ च्या ‘हरिजन’मध्ये छापून आले. एकवीस, किंबहुना अठरा वर्षांवरच्या सगळ्या स्त्री-पुरुषांना मत असावे, इथपर्यंत नवल नाही. पुढे ते म्हणाले की आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना मात्र वगळावे. मतदार म्हणून त्यांचा काही उपयोग नाही. हा देश आणि हे जग मरणाच्या दारात उभ्या असलेल्यांचे नाही. आणि वरची मर्यादा त्यांनी सुचवली ती ऐंशीची किंवा सत्तरीची नव्हे, पन्नाशीची. बोलणारा स्वतः सत्त्याहत्तर वर्षांचा होता.

गांधीजींचे हे मत गांधीभक्त सांगत नाहीत आणि गांधीविरोधकांना ते माहीत नसते. पण ते विक्षिप्तपणा म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. त्या काळी या देशातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. पन्नाशीचा माणूस सर्वार्थाने वृद्ध समजला जाई आणि वानप्रस्थाची कल्पना गांधीजींना पाठ होती. संसार मुलाच्या हाती द्यायचा तर राज्यही द्यावे, असा त्यांचा सरळ हिशेब. तो घटनेत उतरला असता तर काय झाले असते? २६ नोव्हेंबर १९४९ ला, घटना स्वीकारली त्या दिवशी, डॉ. आंबेडकर अठ्ठावन्न वर्षांचे होते, नेहरू साठ, सरदार पटेल चौऱ्याहत्तर. ज्यांनी प्रत्येकाच्या हातात मत दिले त्या तिघांपैकी एकालाही मत उरले नसते. कलम ३२६ ने खालची मर्यादा घातली, एकवीस वर्षांची. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती १९८९ पासून अठरावर आली. वरची बाजू मोकळीच राहिली. मला विचाराल तर तिथे महात्म्यापेक्षा घटनाकारांचे बरोबर होते. का, ते पुढे येईलच. आधी विरोधी बाजू पुरती ऐकून घेऊ, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही.

सहाव्या पॉलने नियम केला त्याच १९७० साली अमेरिकेत डग्लस स्ट्युअर्ट या प्राध्यापकाने ‘द न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकात वृद्धांचा मताधिकार काढून घ्या, असा लेख लिहिला. सत्तरी गाठलेल्याने किंवा निवृत्त झालेल्याने देशाचे भवितव्य ठरवू नये, कारण त्या भवितव्यात तो राहणार नाही, हे त्याचे म्हणणे. त्यानंतर १९९८ मध्ये बेल्जियमचे तत्त्वज्ञ फिलिप व्हान पारिस यांनी ‘फिलॉसफी अँड पब्लिक अफेअर्स’ या नियतकालिकात पूर्ण गंभीरपणे हा विषय तपासला. पिढ्यापिढ्यांमध्ये न्याय कसा करायचा, आज कर्ज काढून पेन्शन वाटायचे आणि फेडायला नातवंडांना बसवायचे हे कसे थांबवायचे, या प्रश्नातून ते वृद्धांच्या मताकडे आले. त्यांच्या परंपरेतला एक मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. जातीवरून किंवा स्त्री म्हणून मत नाकारले तर तो अन्याय जन्मभराचा असतो. वयावरून नाकारले तर तसे होत नाही, कारण प्रत्येक जण आधी तरुण असतो आणि मग म्हातारा होतो. अठरा ते ऐंशी अशी बासष्ट वर्षे सगळ्यांना सारखीच मिळाली, तर भेदभाव झाला कुठे?

उदाहरणेही हाताशी आहेत. २३ जून २०१६ ला ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडला. मतदानानंतरच्या पाहण्यांत अठरा ते चोवीस वयातले सत्तर टक्क्यांहून अधिक लोक संघात राहा म्हणणारे निघाले आणि पासष्टीपुढचे सुमारे साठ टक्के बाहेर पडा म्हणणारे. ज्यांना तीस-चाळीस वर्षे परिणाम भोगायचे आहेत त्यांचे हरले, अशी हळहळ कित्येक दिवस चालली. जपानात तर अशा राजकारणाला ‘रुपेरी लोकशाही’ असे नावच पडले आहे. तिथे पासष्टीपुढचे लोक एकूण लोकसंख्येच्या एकोणतीस टक्क्यांच्या घरात आहेत. १७ मे २०१५ ला ओसाका शहराच्या फेररचनेवर सार्वमत झाले. बाजूने ६,९४,८४४ मते, विरोधात ७,०५,५८५. अकरा हजारांच्या आतल्या फरकाने प्रस्ताव पडला, आणि विरोधाचा जोर सत्तरीपुढच्यांत सर्वांत जास्त होता असे दिसल्यावर म्हाताऱ्यांनी शहर अडवले म्हणून ओरड सुरू झाली.

यातल्या पहिल्या गोष्टीत एक माहिती मागे राहते. ब्रिटनमध्ये तरुणांचे मतदान वृद्धांपेक्षा बरेच कमी झाले होते. जे घरी बसले त्यांनी, जे रांगेत उभे राहिले त्यांच्या मताला नावे ठेवायची, यात न्याय थोडा आणि चडफड जास्त आहे.

आता आपल्याकडे येऊ. रुपेरी लोकशाहीची भीती खरी असेल तर तिची लक्षणे दिसायला हवीत. म्हाताऱ्यांच्या मतांना राजकारणी घाबरत असतील तर म्हाताऱ्यांच्या पदरात काही पडायला हवे. काय पडले?

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात. ही रक्कम दीड दशकाहून अधिक काळ जागची हललेली नाही. ऐंशीनंतर ती ५०० होते. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांतून ती १५०० पर्यंत नेली जाते, आणि त्यासाठी तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला आणि बँकेत अंगठा जुळेपर्यंत बसून राहणे हे सगळे आले. रेल्वेच्या तिकिटात साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने ती गेली. गाड्या सुरू झाल्या, भाडी वाढली, संसदेत प्रश्न विचारून झाले. २०२५ पर्यंत सवलत परतली नव्हती. मतपेढी म्हणावी असा कोणताही दुसरा गट इतका निमूटपणे गप्प बसला असता?

सर्वांत बोलका दाखला २०२४ चा आहे. विधानसभेच्या तोंडावर राज्य सरकारने जी सर्वांत मोठी रोख रकमेची योजना आणली, त्या ‘माझी लाडकी बहीण’ला वयाची वरची अट होती. आधी एकवीस ते साठ, मग ओरड झाल्यावर पासष्ट. म्हणजे सहासष्ट वर्षांची बहीण मत द्यायला लाडकी आणि पैसे घ्यायला परकी. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला, आणि वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना ३००० रुपये एकदा मिळाले. यापलीकडे यादी फार लांबत नाही.

पेन्शनवरून महाराष्ट्र खरोखर हादरला तो मार्च २०२३ मध्ये, राज्य कर्मचाऱ्यांच्या संपाने. जुनी पेन्शन मागणारे कोण होते? १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले, म्हणजे बहुतेक तिशी-चाळिशीतले. स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज सरकारने आज करावी आणि बोजा पुढच्यांनी उचलावा, ही मागणी ऐन उमेदीतल्या माणसांची होती. त्या मागणीचे गुणदोष इथे काढत नाही. पण भविष्यावर भार टाकायला माणूस म्हातारा असावा लागत नाही, एवढे त्यातून कळते.

शिवाय आपल्याकडे मत वयावर फुटत नाही. ते जातीवर फुटते, जिल्ह्यावर फुटते, कारखान्यावर आणि भावकीवर फुटते. लोकनीतीसारख्या संस्थांच्या पाहण्यांत तरुण आणि वृद्ध यांच्या पक्षनिवडीत काही टक्क्यांचा फरक दिसतो. ब्रेक्झिटसारखी उभी फूट दिसत नाही. आजोबा, बाप आणि नातू एकाच जीपमधून मतदानाला जातात आणि बहुधा एकाच चिन्हावर शिक्का मारून येतात. वाद होतो तो नातू दुसऱ्या गटात गेला म्हणून. तो तरुण आहे म्हणून नव्हे.

बरे, रेघ ओढायची ठरवली तर कुठल्या तारखेवर ओढणार? ज्यांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाची मतदारयादी किंवा शाळेचे जुने जनरल रजिस्टर चाळले असेल त्यांना १ जून ही तारीख ओळखीची असेल. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापाला तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी सरळ १ जून टाकत आणि साल अंगापिंडावरून ठरवत. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीतल्या कित्येकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे, आणि ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांचे वय कुणा सर्कलने किंवा बीएलओने अंदाजे लिहिलेले आहे. आजीला विचारा, बेचाळीसच्या गडबडीत मी रांगत होते, किंवा गांधी गेले तेव्हा मला परकर नेसता येत होता, असे उत्तर येईल. त्यावरून आजीचे नेमके वय किती, हे सांगायला कोणता तहसीलदार धजेल? पोपच्या निवडणुकीत शे-दोनशे माणसे असतात आणि प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवलेला असतो. आपल्याकडे असली अट म्हणजे तलाठ्याच्या अंदाजावर नागरिकाचा हक्क टांगणे.

कोकणाचा विचार तर आणखी गमतीचा होईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांत गणपती आणि शिमगा सोडला तर तरुण माणूस दिसत नाही. चाकरमानी मुंबईत, नाव कधी इकडे कधी तिकडे. ग्रामसभेला कोरम भरतो तो म्हाताऱ्या बायाबापड्यांनी. पाणीयोजना कुठून यायची, पाखाडी कुठे बांधायची, हे ज्यांना रोज चालायचे आहे त्यांनीच ठरवायचे. त्यांची नावे काढली तर गाव चालवणार कोण? मुंबईहून व्हॉट्सअ‍ॅपवर? हीच गोष्ट राज्याराज्यांत मोजता येते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक केरळात १२.६ टक्के होते, गोव्यात ११.२, महाराष्ट्रात ९.९ आणि बिहारमध्ये ७.४. ज्या राज्यांनी आरोग्य सुधारले, माणसे जगवली, त्यांचेच मतदार जास्त कापले जातील. जगलात ही तुमची चूक, असे म्हटल्यासारखे ते होईल.

व्हान पारिस यांच्या जड मुद्द्याला उत्तरही इथेच सापडते. सगळ्यांना सारखी वर्षे मिळतात हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात वरची रेघ सगळ्यांवर सारखी पडत नाही. २०११ मध्ये भारतात साठीपुढच्या दर हजार पुरुषांमागे १,०३३ स्त्रिया होत्या. लहान वयात मुली कमी आणि म्हातारपणी बायका जास्त, असा हा देश. म्हणजे ऐंशीची रेघ पुरुषांपेक्षा बायकांवर जास्त पडेल, आणि त्यातही विधवांवर. या बायकांच्या मताचा इतिहास आठवावा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशी नावे घ्यायला तयार नव्हते. त्या बायकांच्या लेकीसुना पुढे आपले नाव सांगायला शिकल्या आणि आता ऐंशीच्या आसपास आहेत. नवरा गेल्यावर, सातबारा मुलांच्या नावावर झाल्यावर, घरातली चावी सुनेकडे गेल्यावर, जी एकच गोष्ट त्यांच्या एकटीच्या नावावर उरते ती मतदार ओळखपत्र. दवाखाना, रेशन, एसटी, निराधारचे पैसे, रोज लागणारे सगळे सरकारच्या हातात. ज्याला सरकारची गरज सर्वांत जास्त त्याचेच मत काढून घ्यायचे, आणि कारण काय सांगायचे, तर त्याला फार दिवस राहायचे नाही. मग चाळिशीतल्या कर्करोग्याचे काय? पुढल्या महिन्यात कायमचा न्यू जर्सीला निघालेल्या मुलाचे काय? त्यांचे मत कुणी मोजून देत नाही.

आता अवघड भाग. म्हातारपणी काहींची बुद्धी खरोखरच जाते. साठीपुढच्यांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात आहे. त्यांच्या मताचे काय करायचे? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, ज्याला सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवले आहे त्याचे नाव यादीत राहू शकत नाही. न्यायालयापर्यंत असे प्रकरण जाते ते बहुधा मालमत्तेच्या भांडणात. बाकी सगळे यादीत राहतात. जगाचा कल तर उलट्या दिशेने आहे: पूर्ण पालकत्वाखाली असलेल्यांना सरसकट मत नाकारण्याचा नियम जर्मनीने २०१९ मध्ये रद्द केला, फ्रान्सनेही त्याच वर्षी. ज्याला सून ओळखता येत नाही त्याने खासदार निवडावा का, हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण मग ऐंशीपुढच्या प्रत्येकाचे नाव काढण्यापेक्षा प्रत्येक मतदाराचीच परीक्षा घ्यावी लागेल, आणि त्या परीक्षेत पंचविशीतले किती टिकतील याची मला खात्री नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बटण कोण दाबते? अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो. निवडणूक नियम ४९-एन मध्ये ती सोय आहे. सोबत्याने एका दिवसात एकाच मतदारासाठी हे काम करायचे आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या केंद्रावर माझ्या पुढे एक आजी होत्या. नातू त्यांना धरून आडोशाकडे निघाला. केंद्राध्यक्ष बाईंनी थांबवले. आजी, चिन्ह दिसतंय का? दिसतंय की, आजी म्हणाल्या. मग तू इथं थांब रे. आजींनी बराच वेळ घेतला, मागे रांग चुळबुळली, शेवटी लांब शिट्टी वाजली. मग त्या व्हीव्हीपॅटच्या काचेला नाक लावून चिठ्ठी पडेपर्यंत उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर नातवाने हळूच विचारले. ‘तुला कशाला सांगू? गुप्त असतंय ते,’ म्हणून त्यांनी शाई लावलेले बोट पदराला पुसले. दर वेळी असे होत नाही हे मान्य. पण नातवाला दारात थांबवणारी एक केंद्राध्यक्ष या देशाला वयाच्या कुठल्याही मर्यादेपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

घरून मतदानात ही मेख जास्त टोचते. २०१९ मध्ये ऐंशीपुढच्यांसाठी आणि चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी टपाली मतपत्रिकेची सोय झाली. मार्च २०२४ मध्ये वयाची अट पंच्याऐंशी केली आणि लोकसभेला ही सोय पहिल्यांदाच देशभर लागू झाली. दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा अशी फौज दारात येते. खाटेजवळ पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात, मतपत्रिकेवर पेनाने खूण करायची, ती आतल्या पाकिटात, ते पाकीट आणि घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात, वर चिकटपट्टी. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही कळवलेले असते. व्यवस्था चांगली आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत, सगळे घर भोवती जमलेले असताना, आडोशाने किती गुप्तता राहते हे आडोसा लावणाऱ्यालाच विचारावे. तरी दडपण हा म्हातारपणाचा रोग नव्हे. नव्या सुनेला, ऊसतोड कामगाराला, सोसायटीचे कर्ज थकलेल्या शेतकऱ्यालाही ते असते. औषध सगळ्यांना एकच: मतदानाच्या वेळी त्यांना एकटे सोडणे.

नेत्यांच्या वयाचा प्रश्न यात मिसळू नये. राज्यकर्त्याने कधी थांबावे हा वाद आपल्या ओळखीचा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख १९७८ मध्येच म्हणाले होते की साठीनंतर राजकारण सोडून समाजकार्य करावे, आणि ते स्वतः बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये अजित पवारांनी काकांना त्यांचे वय मोजून दाखवले तेव्हा सारा महाराष्ट्र दोन दिवस तेच बोलत होता. लोढा समितीने क्रिकेटच्या पदाधिकाऱ्यांना सत्तरीची अट घातली. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना एक्क्याऐंशीची अट घालणारा प्रस्ताव मंजूर केला. सत्ता हे पद आहे, त्याला मुदत असू शकते. मत हे पद नव्हे.

दुसरे काही मार्ग विद्वानांनी सुचवले आहेत. हंगेरीत जन्मलेले लोकसंख्याशास्त्रज्ञ पॉल डेमेनी यांनी १९८६ मध्ये मांडले की मुलांच्या वाट्याचे मत आईबापांनी द्यावे, म्हणजे तरुण कुटुंबांचे वजन वाढेल. केंब्रिजचे डेव्हिड रन्सिमन तर मतदानाचे वय सहावर आणा म्हणतात. ब्राझीलची तोड मला शहाणपणाची वाटते. तिथे मतदान सक्तीचे आहे, पण १९८८ च्या घटनेने सोळा-सतराच्या मुलांना आणि सत्तरीपुढच्यांना ते ऐच्छिक ठेवले. दोन्ही टोकांना दार उघडे, सक्ती फक्त मधल्यांना. अर्जेंटिनाही तसेच करते. आपल्याकडे सक्तीच नाही, त्यामुळे म्हाताऱ्यांना सूट देण्याचा प्रश्न येत नाही; सोळाचा मात्र कधी तरी येईल.

शेवटी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने जी देशाची यादी जाहीर केली, तिच्यात ऐंशीपुढचे मतदार १ कोटी ८५ लाख होते आणि अठरा-एकोणीस वयाचे १ कोटी ८४ लाख. जवळजवळ बरोबरी. या देशात अठरा-एकोणीस वयाची मुले पाच कोटींच्या आसपास आहेत. त्यांतल्या चाळीस टक्क्यांचीसुद्धा नावे यादीत चढलेली नव्हती. ऐंशीपुढच्यांच्या आकड्यात काही नावे आधीच स्वर्गवासी झालेल्यांची असणार, हा आपल्या याद्यांचा जुना दोष. ती काढायला नमुना ७ आहे, वयोमर्यादा नको. म्हाताऱ्यांचे पारडे जड झाले असेल तर ते दुसऱ्या पारड्यात कुणी बसलेच नाही म्हणून.

किन्नौरच्या कल्पा गावातले श्याम सरन नेगी यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये, बर्फ पडण्याआधी उरकलेल्या मतदानात, स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीतले पहिले मत दिले. २ नोव्हेंबर २०२२ ला त्यांनी घरून टपाली मत दिले आणि ५ नोव्हेंबरला, एकशे पाच वर्षांचे असताना, ते वारले. त्या शेवटच्या मताने हिमाचलच्या कुठल्या तरुणाचे काय बिघडले, हे मला कुणी दाखवून दिलेले नाही.

वरची मर्यादा नको, हे माझे मत आहे. गांधीजींचा मान ठेवूनही. तरुणांची बाजू जड व्हावी असे ज्यांना वाटते त्यांनी कात्रीऐवजी पेन हातात घ्यावे. २०२२ पासून नाव नोंदवायला वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो. घरात असे पोर असेल तर त्याचा नमुना ६ या आठवड्यातच भरून घ्या. आणि पंच्याऐंशीपुढचे कुणी खाटेवर असेल तर लक्षात ठेवा, घरून मतदानाचा नमुना १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो.